भाषेला नावे ठेवणारे कोण?

(हिंजवडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बैल हाकताना शेतकरी जीभ टाळूला लावून 'टक् टक्' असा आवाज काढतो. हळहळताना आपण 'च्च् च्च्' करतो. हे ध्वनी आपल्या तोंडात आहेत, पण शब्दांत नाहीत. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कित्येक भाषांत मात्र तीच व्यंजने आहेत. एक बदलले की शब्दाचा अर्थ बदलतो. नेल्सन मंडेला यांची मातृभाषा खोसा. तिच्या नावातच असा ध्वनी आहे.

१६५२ साली डच लोक केप येथे वसले. तेथील पशुपालकांचे बोलणे त्यांना कळेना. त्यांना त्यांनी 'हॉटेन्टॉट' म्हटले. ती त्या बोलण्याची नक्कल होती, असे मानतात. शिकारी लोकांस 'बुशमन', म्हणजे झुडुपातला माणूस, हे नाव पडले. पशुपालक मात्र स्वतःस 'खोएखोए' म्हणत. त्यांच्या भाषेत 'खोए' म्हणजे माणूस. ज्यांनी स्वतःस माणूस म्हटले, त्यांची इतरांनी नक्कल केली!

१९२८ साली शुल्ट्झ या जर्मन संशोधकाने 'खोइसान' हा जोडशब्द केला. त्यातील 'सान' हे नावही शिकाऱ्यांना पशुपालकांनी दिलेले. पुढे ग्रीनबर्ग या अमेरिकन पंडिताने या सर्व भाषांचे एकच कूळ मानले. आज बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते मान्य करीत नाहीत. ध्वनी सारखा म्हणून कूळ एक, असे होत नाही. खोसा भाषेने हे ध्वनी शेजाऱ्यांकडूनच घेतले. १९९६ च्या दक्षिण आफ्रिकेच्या संविधानाने खोई, नामा व सान भाषांच्या संवर्धनाची जबाबदारी राष्ट्रीय भाषा मंडळावर टाकली, हे मात्र नमूद केले पाहिजे.

हे दूरचे झाले. आपल्याच महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यात जामोदच्या परिसरात, निहाली भाषा बोलणारे लोक आहेत. त्यांची भाषा ज्ञात अशा कोणत्याही कुळात बसत नाही. ग्रिअर्सन यांच्या सर्वेक्षणात ती कोरकूच्या पोटात घातली गेली. १९६२ साली कॉयपर या डच विद्वानाने तिचे वेगळेपण दाखविले. परंतु ती चोरांच्या सांकेतिक बोलीसारखी असावी, असाही तर्क केला. गरिबाची भाषा कळली नाही की तिच्यावर चोरीचा संशय! बोलणारे उरले सुमारे दोन हजार. आणि जनगणनेच्या अहवालात दहा हजारांहून कमी भाषिकांची भाषा स्वतंत्र छापली जात नाही. म्हणजे ती बोलली जाते, परंतु सरकारी तक्त्यात दिसत नाही.

आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे हिणविणे. या दोहोंतील अंतर किती थोडे, हे आपल्यास कोणी शिकविण्याची गरज नाही. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध सुमारे अडीच हजार होते. १९६१ साली ते सुमारे अठ्ठावीस लाख झाले. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवस होता, हे खरे. परंतु प्रत्येक दारी आलेल्या गणकास लोकांनी आपले नाव स्वमुखाने सांगितले, म्हणूनच तो आकडा कागदावर आला.

तेव्हा दोन गोष्टी करा. गणक आला की धर्म आणि मातृभाषा स्वतः सांगा, आणि काय लिहिले ते वाचून घ्या. आणि या हिंजवडीत देशोदेशीचे लोक कामास येतात. त्यांची बोली कानास विचित्र वाटली तर तिची नक्कल करू नका. ती भाषा कोणती, असे विचारा आणि ते सांगतील तेच नाव वापरा. जो हक्क आपण मिळविला, तो दुसऱ्यास नाकारण्याचा अधिकार आपणांस नाही.