दिवा कागदावर



पियानोच्या मैफलीत वादकापुढे सहसा स्वरलिपीचा कागद नसतो. दीड-दोन तासांचं संगीत, हजारो सूर, सगळं पाठ. ही रीत एकोणिसाव्या शतकात, लिस्ट आणि क्लारा शूमान या पियानोवादकांच्या काळात पडली. त्याआधी दुसऱ्याची रचना कागदाविना वाजवणं आगाऊपणाचं मानलं जाई. पुढे मात्र उलटं झालं आणि कागद ठेवणारा कच्चा ठरू लागला.

आज ज्याच्याविषयी बोलायचं, त्या पियानोवादक स्व्यातोस्लाव रिख्टरने ही रीत उतारवयात सरळ मोडली. साधारण 1980 नंतर त्याच्या मैफलीत सभागृह काळोखं असायचं. पियानोवर एक छोटा दिवा, त्याचा उजेड कागदावर, आणि शेजारी पानं उलटणारा एक माणूस. लोकांनी वादकाचे हात आणि चेहरा बघत बसावं, हे त्याला पटत नसे. संगीत ऐकायला आलात ना, मग ऐका.

रिख्टरचा जन्म 1915 चा, युक्रेनमधल्या झितोमिरचा. वाढला ओदेसात. वडील जर्मन वंशाचे, पियानो आणि ऑर्गन वाजवणारे. पण मुलगा शिकला तो बराचसा आपल्या आपणच. बोटं तयार करण्याच्या कवायती त्याने केल्या नाहीत. आख्ख्या ऑपेरांची स्वरलिपी समोर मांडायची आणि वाजवत सुटायचं. विशी यायच्या आतच ओदेसाच्या ऑपेरात गायकांच्या तालमींना साथ करायची नोकरी लागली. आपल्या संगीत नाटक मंडळ्यांत ऑर्गनची साथ करता करता तयार झालेल्या मंडळींचीच ही जातकुळी.

1937 मध्ये, बाविसाव्या वर्षी, तो मॉस्कोच्या संगीतशाळेत हाइनरिख नॉयहाउस या गुरूपुढे जाऊन बसला. या वयात इतरांचं शिक्षण संपत आलेलं असतं. नॉयहाउसने वादन ऐकलं आणि शेजारच्या विद्यार्थिनीच्या कानात सांगितलं, की हा मुलगा बहुधा अलौकिक आहे. आपल्याकडे याला शिकवण्यासारखं काही नव्हतं, असंही ते पुढे म्हणत. संगीतशाळेत मात्र राजकीय विषयांच्या सक्तीच्या तासांना रिख्टर बसेना, म्हणून पहिल्याच वर्षी दोनदा त्याचं नाव कापलं गेलं. राहायला जागा नव्हती. गुरूच्या घरी पियानोखाली अंथरूण टाकायचा.

1941 मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर चाल केली आणि ओदेसात वडिलांना अटक झाली. जर्मन असणं हाच गुन्हा. त्याच वर्षी त्यांना गोळ्या घातल्या. आई पुढे जर्मनीला गेली. मायलेकांची भेट झाली ती थेट 1960 मध्ये, अमेरिकेत. आणि ज्या स्टालिनच्या राज्यात हे घडलं, त्याच्याच अंत्यविधीला 1953 मध्ये रिख्टरला तिबिलिसीहून विमानाने आणून वाजवायला बसवलं. विमान पुष्पचक्रांनी भरलेलं होतं, असं तो सांगे. या प्रसंगाबद्दल बोलताना, चाळीसेक वर्षांनंतरही, त्याची तक्रार होती ती पियानोचं पेडल चालत नसल्याची! कडवटपणा गिळण्याची ही त्याची तऱ्हा असावी, असं मला वाटतं.

पश्चिमेला त्याचं नाव आधीच पोचलं होतं. 1955 मध्ये पियानोवादक एमिल गिलेल्स अमेरिकेत गेला तेव्हा स्तुती करणाऱ्यांना म्हणे, थांबा, रिख्टर ऐकायचाय अजून. तो योग आला ऑक्टोबर 1960 मध्ये, शिकागोत. ब्राम्सचा दुसरा कॉन्चेर्टो वाजला आणि मग न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एकामागून एक मैफली. एवढं यश मिळूनही त्याला अमेरिका आवडली नाही. विमानप्रवास आवडत नसे, दोन-तीन वर्षं आधी तारखा ठरवणं तर मुळीच नाही. फ्रान्समध्ये तूरजवळ तेराव्या शतकातलं एक धान्याचं कोठार त्याला सापडलं, तिथे त्याने 1964 पासून स्वतःचा संगीतोत्सव भरवला. आणि 1986 मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, लेनिनग्राडहून मोटारीने निघून पार व्लादिवोस्तोकपर्यंत गेला. सहा महिन्यांत सुमारे दीडशे मैफली, त्यातल्या कित्येक अशा गावांत जिथे संगीताचं सभागृहच नव्हतं.

निवडीतही हट्ट असाच. बेटोफेनचा चौथा आणि पाचवा कॉन्चेर्टो त्याने कधीच वाजवला नाही, 'मूनलाइट' सोनाटाही नाही. मात्र जे वाजवायचं ते लिहिल्याबरहुकूम. आपल्याकडे दोन ओळींच्या बंदिशीतून तासाभराचा ख्याल उभा राहतो, गाणाऱ्याने काय भर घातली ते आपण ऐकतो. रिख्टर म्हणे, वादक म्हणजे आरसा. त्याने भर घालू नये. गंमत अशी, की शूबर्टच्या शेवटच्या सोनाटाचा पहिला भाग तो इतका संथ वाजवी, की एरवी वीस मिनिटांत संपणारा हा भाग पंचवीसपर्यंत जाई. अशी लय दुसऱ्या कोणी क्वचितच धरली. मग आरसा कसला? माझ्या मते इथे त्याचं तत्त्व आणि त्याचा हात यांचं जमत नव्हतं, आणि आपलं भाग्य, की हात जिंकला.

उतारवयात पुढ्यात आलेल्या त्या कागदामागे एक दुखरं कारणही होतं. त्याला सूर नुसत्या कानाने अचूक ओळखता येई. म्हातारपणी तो कान सरकला. वाजवायचा एक सूर, ऐकू यायचा वरचा. जन्मभर पाठ असलेली रचना हाताखाली परक्या पट्टीत वाजू लागली, तर बोटांनी कोणावर विश्वास ठेवायचा? कागद हा उरलेला एक साक्षीदार. तशाही अवस्थेत तो 1995 पर्यंत वाजवत राहिला. 1 ऑगस्ट 1997 रोजी मॉस्कोत वारला. शेवटच्या दिवसांत ब्रुनो मोंसेंजाँने त्याच्यावर केलेल्या चित्रपटात त्याने सांगून टाकलं, की मी मला आवडत नाही.

ज्यांना तो ऐकायचा असेल त्यांनी फेब्रुवारी 1958 मधल्या सोफिया शहरातल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण शोधावं. मुसोर्गस्कीची 'प्रदर्शनातली चित्रं'. ऐन हिवाळ्यातले श्रोते सारखे खोकताहेत, काही सूर निसटलेही आहेत, तिकडे दुर्लक्ष करा. शेवटच्या 'कीव्हच्या महाद्वारा'पर्यंत पोचाल तेव्हा आवाज थोडा कमी करून ठेवा, शेजारी तक्रार करतील.