आगटी आणि बुखारी

सिमला, मसुरी, दार्जिलिंग येथील इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यांतून ज्या मराठी कुटुंबांना नोकरीच्या निमित्ताने राहावे लागते, त्यांना दिवाणखान्याच्या भिंतीतील आगटीचे प्रथम मोठे अप्रूप वाटते. पहिल्या हिमवर्षावाच्या रात्री ते ओसरते. पुढ्यात ओंडके धडधडत असतात, गुडघे भाजून निघतात, आणि पाठीला मात्र दुसरी शाल घ्यावी लागते.

याचे कारण उघड आहे. अशा आगटीतील उष्णतेपैकी जेमतेम दहा ते वीस टक्के खोलीत येते. उरलेली धुरांड्यावाटे आकाशाला मिळते. शिवाय जाळ आपल्याबरोबर खोलीतली ऊबदार हवाही ओढून नेतो आणि तिची जागा घेण्यासाठी दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरचे गार वारे आत शिरते. म्हणजे खोली तापविण्यासाठी लावलेली आग खोली गारही करीत असते! हा दोष जुनाच आहे. बेंजामिन फ्रँकलिनने 1744 साली आपल्या लोखंडी शेगडीची माहिती देणारी पुस्तिका काढली, ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून.

उपायाचे तत्त्व आपल्याला परके नाही. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मूठभर काटक्यांत घरादाराचे पाणी तापे, ते आग नळीत कोंडलेली असल्यामुळे. काश्मीर-लडाखमधली बुखारी ही अशीच: पत्र्याची किंवा बिडाची बंद शेगडी, दाराला झडप, पाठीमागे धूर नेणारा नळ. चांगल्या बनावटीची बंद शेगडी सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता खोलीत देते.

हा प्रश्न मला सोडवावा लागला तो आईमुळे. सत्तरी उलटलेली, दम्याची व्यथा असलेली आई रत्नागिरीहून डोंगरावर आमच्याकडे हिवाळ्याला यायची होती. 'रात्री कोळशाची शेगडी खोलीत ठेवून दारे लावून घ्या,' असा सल्ला शेजाऱ्यांनी सद्भावनेने दिला. श्रोतेहो, हा सल्ला कृपा करून कोणी मानू नये. जळत्या निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. उत्तर हिंदुस्थानात दर हिवाळ्यात अशा बंद खोल्यांतून निजलेली माणसे उठत नाहीत.

तेव्हा धुरांड्याला जोडलेली बंद शेगडी हवी, हे ठरले. पण कोणती? दुकानदार साहजिकच सर्वांत मोठी दाखवितो. येथे थोडे गणित करावे. घराच्या भिंती बऱ्यापैकी ऊब धरणाऱ्या असल्या, तर दर चौदा घनमीटर जागेला एक किलोवॉट असा ढोबळ हिशेब आहे. पाच मीटर लांब, चार रुंद, साडेतीन उंच अशा आमच्या खोलीला पाच किलोवॉट पुरेसे होते. खिडक्यांच्या फटी मात्र आधी बुजविल्या. एक किलो वाळक्या लाकडात सुमारे चार किलोवॉट-तास उष्णता असते. म्हणजे बंद शेगडीला तासाला पावणेदोन किलो लाकूड लागेल. तितक्याच उबेसाठी आगटीला सहा-आठ किलोही कमी पडेल. जंगले डोळ्यांदेखत विरळ होत असता हा फरक लहान नव्हे.

मोठी शेगडी घेतली की खोली भट्टीसारखी तापते, मग माणूस झडप लावून आग दाबतो. दाबलेली आग धुमसते, तिचा डांबरी धूर नळात साचतो आणि एखाद्या रात्री धुरांडेच पेट घेते. ओल्या लाकडानेही हेच होते. ताज्या तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. ते वीस टक्क्यांच्या आत येईपर्यंत, म्हणजे फोडून, छपराखाली रचून एक-दोन वर्षे, वाट पाहावी. जमल्यास बानाचे लाकूड घ्यावे. ते जड आणि सावकाश जळणारे. राळेने भरलेले चीड पेटवणापुरतेच बरे.

दगडी कोळसा जाळायचा असेल तर शेगडी तशीच बनविलेली हवी. कोळशाला खालून, जाळीतून हवा लागते. लाकूड मात्र राखेच्या थरावर, वरून येणाऱ्या हवेवर उत्तम जळते. पातळ पत्र्याची बुखारी चटकन तापते, चटकन निवते. बीड उशिरा तापते, पण आग विझल्यावरही ऊब धरून ठेवते. आईच्या रात्रीचा विचार करून मी बीड पत्करले. किंमत बरीच जास्त पडली.

शेगडी निवडली म्हणजे काम संपले असे नाही. जुने विटांचे धुरांडे बंद शेगडीला फार रुंद पडते. तिचा धूर कमी आणि तुलनेने गार. रुंद पोकळीत तो आणखी निवतो, रेंगाळतो. म्हणून आतून सहा इंची पोलादी नळ थेट छपरावर नेला. दोघा मिस्त्र्यांचे मत 'इतके दिवस चालले, पुढेही चालेल' असे होते. तिसऱ्याने धुरांड्यातून पक्ष्यांची घरटी काढून दाखविली. हवा येण्यासाठी भिंतीत एक कायमचा झरोका ठेवला आणि वायूची सूचना देणारे यंत्र बसविले.

दाराला काच असल्याने जाळ दिसतो, ही आईच्या दृष्टीने मोठी सोय. ती पोथी घेऊन तिथेच बसते, आणि राख मात्र कोणाला टाकू देत नाही. लाकडाची राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पुरती निवली, म्हणजे निम्मी भांड्यांना आणि निम्मी परसातल्या सफरचंदाच्या आळ्यात.