पुस्तक मोकळ्या अक्षरांत ठेवा



पत्रिकेवर विषय छापला आहे 'ई-पुस्तकांचं तंत्र'. त्यावर बोलणारच आहे. पण माझं म्हणणं एकच आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. मराठी पुस्तक साध्या मजकुराच्या फाईलमध्ये ठेवलं पाहिजे. त्याची प्रकरणं किती, ओव्या कुठून कुठपर्यंत, भाषा कोणती, पाठ कोणत्या प्रतीवरून घेतला, हे सगळं शेजारच्या दुसऱ्या साध्या फाईलमध्ये, कुणालाही वाचता येईल अशा ओळींत लिहून ठेवलं पाहिजे. या दुसऱ्या फाईलला संगणकवाले कॉन्फिग फाईल म्हणतात, मी तिला मांडणीची फाईल म्हणेन. या दोन फाईली हातात असल्या की ई-पुस्तक, छापील पुस्तक, बोलतं पुस्तक, ब्रेल, काय हवं ते तयार करून घेता येतं. या दोन नसतील तर काय होतं, ते सांगायला मी आज इथे आलो आहे.

सुरुवात जुन्या ग्रंथांपासून करतो. मुकुंदराजांबद्दल मी तुम्हा अंबाजोगाईकरांना काही सांगायला नको. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११०चा, ही परंपरा तुम्ही शाळेतच शिकलात. मुकुंदराज इथले की आंभोऱ्याचे, हा वाद मी या गावात काढणार नाही. (हशा) मला दासोपंतांकडे जायचं आहे. गीतार्णवाच्या सव्वा लाख ओव्या लिहिणारा हा माणूस. रोज ढब्बू पैशाची शाई लागायची, असं सांगतात. कागद पुरेना म्हणा किंवा मनाची उसळी म्हणा, त्यांनी कापडावर लिहिलं. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडी, तिच्यावर पंचीकरणाच्या सुमारे १६०० ओव्या. दासोपंत गेले १६१५च्या सुमारास. चारशे वर्षांनीही ती पासोडी डोळ्यांनी वाचता येते. मधे कुठलं यंत्र लागत नाही, कुणाचा परवाना लागत नाही.

आता पासोडीच्या शेजारी वीस वर्षांपूर्वीची एखादी स्मरणिका ठेवा. बीडमध्ये, परळीत, माजलगावात, कुठल्याही छापखान्यात ती पेजमेकरवर जुळवलेली असणार. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, ती आली २००१ मध्ये. पुढे ते सॉफ्टवेअर बंद पडलं. आज ती फाईल उघडायला तेव्हाचं सॉफ्टवेअर, तेव्हाचा संगणक आणि तेव्हाचा फॉन्ट, सहसा तिन्ही लागतात. सॉफ्टवेअर नसलं तर फाईल उघडत नाही, फॉन्ट नसला तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसते.

हे का होतं ते थोडक्यात सांगतो. शिवाजी, कृतिदेव असे जे जुने फॉन्ट होते, त्यांत संगणकाच्या लेखी मराठी अक्षरं नव्हतीच. रोमन अक्षरांच्या घरांत आपल्या अक्षरांचे तुकडे बसवले होते. कुठे काना, कुठे अर्धा स, कुठे वेलांटी. डोळ्याला मराठी दिसायचं, फाईलमध्ये मात्र दुसरंच काही असायचं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, तिच्यात देवनागरीला स्वतःची घरं मिळाली. आपल्याकडे ती पोचायला आणि रुळायला बराच काळ गेला. तोपर्यंत एका पिढीचं लेखन त्या तुकड्यांत अडकलं. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिले आणि ती उलगडेपर्यंत बाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतकं बंद राहिले. त्यांनी ते समजून उमजून केलं होतं. आपण नकळत तेच केलं, आणि किल्ली सांभाळणाराही कुणी नेमला नाही.

हे तुकडे परत जोडताना काय करावं लागतं पाहा. 'स्थिती' हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी सगळ्यांच्या आधी टंकलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमानं येते, म्हणजे स, थ जोडून झाल्यावर. रफाराचं उलटं. 'धर्म'मधला र जुन्या फॉन्टात म नंतर येतो, युनिकोडमध्ये म च्या आधी. बदलणाऱ्या प्रोग्रामला अख्खं जोडाक्षर ओलांडून उडी मारता आली पाहिजे. नाही आली तर शब्द मोडतो.

आता ई-पुस्तक. ज्यांच्या मोबाईलमध्ये ईपब फाईल आहे त्यांनी घरी गेल्यावर तिची एक प्रत करावी, तिच्या नावाचं शेपूट बदलून झिप करावं आणि ती उघडावी. आत साध्या मजकुराच्या फाईलींचं एक बाडच सापडेल. एकीत पुस्तकाचं नाव, लेखक, भाषा. एकीत प्रकरणांचा क्रम. मग एकेक प्रकरण. ई-पुस्तक हे असं गाठोडं आहे आणि ते सोडता येतं. कोविद गोयल यांनी २००६ मध्ये सुरू केलेलं कॅलिबर हे मोफत सॉफ्टवेअर ते सोडतं. पॅनडॉक नावाचं दुसरं आहे, तेही मोफत. ते लिहिणारे जॉन मॅकफार्लेन हे बर्कलीला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत, म्हणून आपल्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे की 'हे आमचं क्षेत्र नव्हे' असं म्हणू नका. (टाळ्या)

आता एक प्रसंग सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावाचा इतिहास एका निवृत्त गुरुजींनी लिहिलेला आहे. निजामी राजवट, रझाकार, सतरा सप्टेंबरची मुक्ती, सगळं त्यात आहे. त्याचं ई-पुस्तक होतं, ते सोडून आम्ही मजकूर वेगळा केला आणि मांडणीची फाईल लिहायला घेतली. तिची रीत सोपी असते. डावीकडे नाव, मग अपूर्णविराम, मग थोडी जागा आणि उजवीकडे माहिती. 'लेखक', दोन टिंबं, लेखकाचं नाव. 'प्रकरण', दोन टिंबं, प्रकरणाचं शीर्षक. सगळी प्रकरणं नीट बसली आणि एका ओळीवर प्रोग्राम अडून बसला. ओळ होती, 'गावकरी स्वत: उभे राहतात'. मराठीत काहीच चूक दिसेना. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की 'स्वतः'मधला विसर्ग हा विसर्ग नव्हताच. टंकणाऱ्यानं दिसायला सारखा म्हणून अपूर्णविराम दिला होता, आणि पुढे जागा होती. प्रोग्रामला वाटलं, 'गावकरी स्वत' हे नवीन नाव सुरू झालं आणि 'उभे राहतात' ही त्याची माहिती.

मग सगळं पुस्तक तपासलं. दुःख, अंतःकरण, निःशस्त्र, विशेषतः, प्रायः, सगळीकडे तेच. एकदम सगळे बदलून टाकावे म्हटलं तर तेही जमेना, कारण 'गुरुजी म्हणाले' याच्या पुढचा अपूर्णविराम खरा होता आणि सकाळी साडेदहाची वेळ लिहिताना मधे दिलेलाही खरा होता. कुठला खरा, कुठला खोटा, हे मराठी येणारा माणूसच सांगू शकतो. म्हणून गुरुजींना बोलावलं. त्यांना संगणक येत नव्हता. पण फाईल साधी होती, ती त्यांच्या मोबाईलवरच्या नोटपॅडमध्ये उघडली. त्यांनी विचारलं, "म्हणजे इतकी वर्षं माझ्या पुस्तकात 'दुःख' शोधणाऱ्याला ते सापडलंच नसेल?" मी म्हटलं, "नाही सापडलं, गुरुजी." मग ते बसले. विसर्ग दुरुस्त करता करता त्यांनी शिवारांची नावं दुरुस्त केली, एका ओढ्याचं नाव, दोन सत्याग्रहींची आडनावं. छापील पुस्तकात चुकलेली माणसं त्या फाईलमध्ये आपल्या नावानं परत आली. प्रत्येक दुरुस्ती कोणी, कधी, कशावरून केली, तेही त्यांनी मांडणीच्या फाईलमध्ये एकेका ओळीत लिहून ठेवलं. हे काम कुठल्याही महागड्या सॉफ्टवेअरनं केलं नसतं. फाईल उघडी होती म्हणून गुरुजींच्या हाताला लागली.

ओव्यांच्या पुस्तकांत आणखी एक गोष्ट होते. दोन दंडांऐवजी लोक कीबोर्डवरच्या उभ्या रेघा टंकतात, आणि मजकुराच्या काही पद्धतींत ती रेघ म्हणजे तक्त्याचा रकाना. ओवी संपते आणि तक्ता सुरू होतो. (हशा)

समोरून चिठ्ठी आली आहे, वाचतो. "पीडीएफ असताना एवढा खटाटोप कशाला? पोथी दिसते तशी दिसली म्हणजे झालं." प्रश्न मनापासून विचारला आहे, म्हणून मीही तसंच उत्तर देतो. पोथीचं छायाचित्र हवंच. ते पुरावा आहे, त्याला हात लावू नका. पण छायाचित्रात ओवी शोधता येत नाही. मोबाईलच्या लहान पडद्यावर ते पान पुन्हा मांडता येत नाही. आणि या सभागृहात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याचा वाचक प्रोग्राम त्या पानावर गप्प बसतो. जुन्या फॉन्टातल्या पीडीएफवर गप्पही बसत नाही, रोमन अक्षरं बडबडतो. ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या साध्या मजकुरात साधारण दोन एमबीत मावतात. कारखान्यावर कोपीत राहणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या मुलीच्या हातात बापाचा साधा फोन असला तरी सगळी ज्ञानेश्वरी त्यात मावते, नेट नसलं तरी उघडते. पावित्र्य कमी होतं, असं मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं. मी ते मानत नाही. दासोपंतांनी पांघरायच्या पासोडीवर ब्रह्मविद्या लिहिली.

आणि पंचीकरण पाहा ना. त्या विषयाची घडणच आमच्या या मांडणीच्या फाईलसारखी आहे. पाच भूतं, प्रत्येकाचे पाच अंश. डावीकडे 'पृथ्वी' लिहा, उजवीकडे अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम. डावीकडे 'आकाश', उजवीकडे काम, क्रोध, शोक, मोह, भय. पंचवीस तत्त्वांचा सगळा पसारा पाच ओळींत बसतो. दासबोधही तसाच. २० दशक, प्रत्येकी १० समास, ७७५१ ओव्या. समर्थांनी बांधणीच अशी केली आहे की फाईल लिहिणाऱ्यानं नुसतं ऐकत जावं. आपल्या प्राचीन ग्रंथकारांना रचनेची ही शिस्त होती. ती फाईलमध्ये उतरवताना आपण नवीन काही लादत नाही.

संयोजकांनी घड्याळ दाखवलं. तीन गोष्टी भराभर सांगतो.

पहिली, भाषेची ओळ. मांडणीच्या फाईलमध्ये भाषा मराठी अशी नोंद कराच. फॉन्टमध्ये सोय असेल तर त्या एका ओळीवर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, नाही तर हिंदीचे येतात.

दुसरी, 'दऱ्या' आणि 'दर्या'. हे दोन वेगळे शब्द आहेत, बदलताना प्रोग्राम त्यांचा एकच करून टाकतो. प्रत्येक 'ऱ्य' डोळ्यांखालून घाला. 'ॲ'चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये २००८ मध्ये स्वतंत्र घर मिळालं, त्याआधीच्या फाईलींत तो जोडतोड करून लिहिलेला असतो आणि शोधात सापडत नाही.

तिसरी, हक्क. लेखकाच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क चालतो. तेवढी उलटली नसतील तर वारसांची लेखी परवानगी घ्या. कुलूप लावून विकलेलं ई-पुस्तक फोडू नका. आपलं काम स्वतःच्या आणि मोकळ्या झालेल्या पुस्तकांनीच आयुष्यभर पुरणारं आहे.

पुढचं टिपणांत राहिलं, ते राहू द्या. जाता जाता मागणं एक आहे. तुमच्या घरी, संस्थेत, ओळखीच्या छापखान्यात जुना संगणक असेल, तो भंगारात देण्याआधी त्यातल्या स्मरणिका, गौरवग्रंथ, गावांचे इतिहास, कीर्तनकारांच्या वह्या काढून घ्या. पेनड्राइव्हवर घेऊन या, मी उद्या दुपारपर्यंत गावातच आहे. आणि नुसती फाईल आणू नका, ज्या फॉन्टात ती जुळवली त्या फॉन्टची फाईलही सोबत आणा. फॉन्ट असला तर मजकूर सोडवता येतो.