जत्रेचं लोकेशन शेअर करायचं का?

नोव्हेंबर उजाडला की माझ्या फोनवर दोन प्रकारचे मेसेज यायला लागतात. पहिले पुण्यातल्या मित्रांचे. अमुक ग्राउंडवर हस्तकलेचं प्रदर्शन आहे, एन्ट्रीला तिकीट, आत फूड कोर्ट, संध्याकाळी लाईव्ह म्युझिक. दुसरे गावाकडचे. त्यात पोस्टर नसतं, लिंक नसते. एकच ओळ असते, ‘जत्रा आयतवारी, येतलंस मां?’

पहिल्या प्रकारच्या ठिकाणी मी जातो, मजाही येते, त्याला नावं ठेवायला मी बसलेलो नाही. पण आज बोलायचंय दुसऱ्याबद्दल. आणि एका भांडणाबद्दल, जे आमच्या गावात गेली दोन वर्षं चालू आहे आणि ज्यात मला, म्हणजे गावातल्या ‘कॉम्प्युटरवाल्या’ला, मत द्यावं लागलं.

आधी थोडं बॅकग्राउंड, कारण ऐकणाऱ्यांत देशावरचे आणि विदर्भातले बरेच जण आहात. सिंधुदुर्गात भातकापणी उरकली की जत्रांचा सीझन सुरू होतो. कार्तिकात सुरुवात आणि मग पार शिमग्यापर्यंत आज या गावात, उद्या त्या गावात. काही तुम्हाला माहीत असतील. देवगड तालुक्यात समुद्राला लागून कुणकेश्वराचं देऊळ आहे, तिथे महाशिवरात्रीला जत्रा भरते. सावंतवाडीजवळच्या सोनुर्लीच्या माऊलीची जत्रा ‘लोटांगणांची जत्रा’ म्हणून ओळखली जाते. आणि मालवणजवळ आंगणेवाडीच्या भराडीदेवीला तर लाखांनी लोक येतात, मुंबईहून जादा गाड्या सोडाव्या लागतात. या मोठ्या झाल्या. बाकी गावोगावच्या छोट्या जत्रा मोजायच्या म्हटलं तर वही पुरणार नाही.

माझ्या टीममधल्या एकाला हे सांगितलं तर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, सगळ्या जत्रांचं एक कॅलेंडर अ‍ॅप करू. त्याचा पहिला प्रश्न, ‘डेटा कुठे मिळेल? एपीआय आहे का?’ मी म्हटलं, आहे ना, देवळातल्या कट्ट्यावर बसलेला असतो, विडी ओढत. गंमत सोडा, पण प्रॉब्लेम खरा आहे. तिथीवर ठरलेल्या जत्रा पंचांगातून काढता येतील. आंगणेवाडीची तारीख मात्र पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. ती तुम्ही कोड लिहून काढू शकत नाही. तारीख जाहीर झाली की मुंबईतला चाकरमानी आधी तिकिटं बघतो आणि मग बॉसला सुट्टीचं विचारतो. क्रम हाच.

आता जत्रेत असतं काय? नुसतं देऊळ म्हणाल तर तसं नाही आणि नुसता बाजार म्हणाल तर तसंही नाही. देवळाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दुकानं लागतात. केळी-नारळ, ओटीचं सामान, अबोलीचे वळेसर. मग खाजाची दुकानं. खाजा म्हणजे बेसनाच्या जाडसर कांड्या तळून गुळाच्या पाकात घोळवलेल्या, त्यात आलं. सोबत खटखटे लाडू, जे खाताना दाताला विचारून खावेत. खाजा न घेता जत्रेतून घरी आलात तर तुम्ही जत्रेला गेलाच नव्हता असं समजतात. शेजाऱ्यांना, पाव्हण्यांना, ऑफिसला, सगळ्यांना वाटायचा असतो.

आणि मग खेळणी. सावंतवाडीची लाकडी खेळणी ऐकून असालच. तिथे चितारआळी नावाची आळीच आहे. ही खेळणी पूर्वापार पांगाऱ्याच्या लाकडाची करत आलेत, कारण पांगारा हलका आणि मऊ, कोरायला सोपा. रंगवलेली फळं, भाज्या, बैलगाडी, पाट, बाहुल्या. त्याच सावंतवाडीत गंजिफाही रंगवतात, म्हणजे गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत पत्ते १२०, दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पत्ते. ही कला जवळजवळ संपत आली होती, तेव्हा राजघराण्यातल्या सत्वशीलादेवी भोसले यांनी स्वतः एका म्हाताऱ्या कारागिराकडून ती शिकून घेतली आणि पुढे चालवली. राजवाड्यात कलाकार बसून रंगवत असतात, जाऊन बघता येतं. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीला वाट वाकडी करून जा. तिथली ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी जपून आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली.

पण खेळण्यांच्या दुकानावर उभं राहून नीट बघा. पुढच्या रांगेत बॅटरीवर पळणाऱ्या प्लॅस्टिकच्या गाड्या, लाईट मारणाऱ्या तलवारी. लाकडी बैलगाडी मागे, थोडी धूळ बसलेली. मी एका दुकानवाल्या काकांना विचारलं की लाकडी पुढे का नाही ठेवत. म्हणाले, ‘प्लॅस्टिक माका टेंपोचा भाडा देता. लाकडी मी हौसेन ठेवतंय.’ हे ऐकल्यापासून माझा स्वतःपुरता एक नियम आहे. हाताने केलेल्या वस्तूवर घासाघीस करायची नाही. प्लॅस्टिकच्या तलवारीवर खुशाल करा, पन्नास सांगितले तर तीस म्हणा, दुकानवाल्यालाही ती मजा हवी असते. पण ज्या वस्तूला कोणीतरी पॉलिश पेपर मारत बसलं होतं, तिथे वीस रुपये वाचवून तुम्ही नक्की काय करणार आहात? पार्किंगला त्याहून जास्त देतो आपण.

जाता जाता एक टेक्निकल टीप. रोख न्या. छोट्या गावात एकच टॉवर, त्यावर एकदम हजारो फोन आले की यूपीआयचं चक्र फिरत बसतं, मागे रांग वाढते आणि खाजावाली तुमच्याकडे ज्या नजरेने बघते ती मी पाहिलेली आहे. दहा-वीसच्या नोटा, सुटे. बस्स.

आता रात्र. इथेच बहुतेक जण चुकतात, नऊला दर्शन घेऊन निघून जातात. खरी जत्रा त्यानंतर. गाऱ्हाणं ऐकलंय का कधी? गावाच्या वतीने एक जाणता माणूस देवासमोर उभा राहून बोलतो. कोणाचं लग्न जमू दे, कोणाच्या वाटेतला अडथळा दूर होऊ दे, आल्या-गेल्याला सुखरूप घरी पोचव. आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी एकत्र म्हणायचं, ‘व्हय म्हाराजा!’ तुम्ही त्या गावचे नसाल तरी म्हणायचं. कोणी आधार कार्ड मागत नाही. मला पुण्यातल्या कुठल्याच कार्यक्रमात अनोळखी माणसाच्या मुलीचं लग्न जमावं म्हणून ओरडायची संधी मिळालेली नाही.

मग पालखी देवळाभोवती फिरते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार. स्टेज म्हणजे काय, तर मोकळी जागा आणि एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. पायपेटी, मृदंग, झांज. आधी आडदशावतार, त्यात गणपती येतो, सरस्वती येते, संकासुर येऊन धुमाकूळ घालतो. मग मुख्य आख्यान. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात आणि इतकी देखणी की पहिल्यांदा बघणारा हमखास फसतो. यात लिहिलेली स्क्रिप्ट नसते. आज कुठलं आख्यान, कोण कोणाची भूमिका करणार, एवढं ठरतं आणि संवाद तिथल्या तिथे उभे राहतात. हिशोबच नको, पहाटेपर्यंत चालतं. शेवटी दहीकाला. म्हणून बरीच गावं जत्रेला ‘दहीकालो’च म्हणतात.

तर आता भांडण.

दोन वर्षांपूर्वी आमच्या जत्रेचा एक रील फिरला. चाळीस सेकंदांचा, पेटलेली दीपमाळ, गुलाल, पालखी, वरून ड्रोन. सुंदर होता, खोटं कशाला बोलू. पुढच्या वर्षी एमएच बारा, एमएच चौदा, गोव्याच्या गाड्या, सगळं एका पाणंदीत घुसलं. ती पाणंद बैलगाडीच्या मापाची. दशावतार कंपनीचा टेंपो किलोमीटरभर अलीकडे अडकला. कलाकार डोक्यावर पेटारे घेऊन अंधारातून चालत आले, जसे त्यांचे आजोबा यायचे तसे, फक्त यावेळी हेडलाईट्सच्या रांगेतून. नाटक दोनला सुरू झालं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अवसार आलेल्या माणसाच्या तोंडावर कोणीतरी फ्लॅश मारला. आमच्याकडे त्या क्षणी म्हातारी माणसंही मान खाली घालून उभी असतात.

महिन्याभराने देवळात बैठक बसली. मी मुद्दाम सुट्टी टाकून गेलो. एका आजोबांचं म्हणणं सरळ होतं. मोबाईल बंद, बाहेरचे बंद. ‘देवीक लाईक नको, ओटी होई.’ टाळ्या पडल्या. मग मागून खाजावाली काकी उठली. तिचा माल त्या वर्षी नऊ वाजताच संपला होता, भावाला पाठवून दुसरी खेप आणावी लागली. ती म्हणाली, वर्षातले चार महिने माझं घर जत्रांवर चालतं, माणसं नकोत असं कोण म्हणतो त्याने माझा गूळ घ्यावा. टाळ्या तिलाही पडल्या. त्याच लोकांनी वाजवल्या.

मला आतपर्यंत लागलं ते दशावतारातल्या एका कलाकाराचं बोलणं. तो म्हणाला, गर्दी पालखीची होती. पालखी आत गेली, मोबाईल खिशात गेले, गाड्या निघाल्या. बाकड्यासमोर उरली ती नेहमीचीच माणसं, घोंगडी घेऊन बसलेली. एवढे हजार लोक येऊन आमच्या वाट्याला त्यातले किती आले?

मग सगळे माझ्याकडे वळले. ‘गुगलवरून आपला गाव काढूक येता काय?’ नाही येत. आणि आलं असतं तरी मी काढलं नसतं. लपवून जत्रा वाचत नाही असं माझं मत आहे. आमच्या गावातली अर्धी घरं वर्षभर बंद असतात, उद्या पालखीला खांदा द्यायला माणसं कमी पडली तर बाहेरून येणाऱ्यालाच हाक मारावी लागेल. पण ‘व्हायरल होऊ दे, सगळ्यांचा फायदा’ हेही मला पटत नाही. फायदा खाजाचा झाला, बाकड्याचा झाला नाही.

आम्ही जे केलं ते अगदी साधं होतं. कापणी झालेले कुणगे मोकळेच असतात, त्यातले रस्त्याजवळचे गाड्यांसाठी घेतले, मालकांनी आनंदाने दिले. मॅपवर जत्रेचं पिन मी देवळावर न लावता त्या कुणग्यांवर लावलं. तिथून पुढे चालत. चालत यायचं म्हटल्यावर दुकानं आपोआप लागतात वाटेत. अवसाराच्या वेळी शूटिंग नाही, हे माईकवरून तीनदा सांगितलं. आणि मेसेजमध्ये वेळ बदलली. पूर्वी लिहायचो ‘पालखी रात्री दहा’. आता लिहितो ‘नाटक रात्री बारा, दहीकालो पहाटे’.

गेल्या वर्षी पाणंद मोकळी राहिली. फ्लॅश एकदाच उडाला. नाटकाला किती नवे लोक थांबले? थोडे. पुण्याहून आलेली चार पोरं पहाटेपर्यंत होती, त्यातलं एक बाकड्याला टेकून झोपलं आणि संकासुराने त्याला उठवलं, तो हशा अजून माझ्या कानात आहे. आजोबा अजून नाराज आहेत. या वर्षी पुन्हा बैठक आहे, आणि पिन काढून टाका असा ठराव येणार असं कळलंय. मी विरोधात बोलणार आहे, बघू.

हां, एक राहिलंच. गेल्या वर्षीच्या गाऱ्हाण्यात एक नवीन ओळ आली होती. जाणते काका एकदम गंभीर चेहऱ्याने म्हणाले, ‘आणि जे कोण मोबायल घेवन तुझ्या दारात इले, तेंका सांभाळ, आणि तेंच्या गाडयेंका वाट दी रे म्हाराजा!’ सगळं देऊळ हसत हसत ओरडलं.

तुमच्या गावची जत्रा, उरूस, जो काही बाजार असेल, त्याबद्दल मला व्हॉइस नोट पाठवा. तारीख कशी ठरते ते नक्की सांगा, माझा तो मित्र अजून अ‍ॅप करतोय. या सीझनला सिंधुदुर्गात येणार असाल तर कुडाळ किंवा सावंतवाडीला रेल्वेने उतरा, पुढे रिक्षा मिळते. परतीची मात्र रात्री मिळत नाही, त्यामुळे दहीकाल्यापर्यंत थांबावं लागेल. घोंगडं आणा. चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.