मर्सीबाईंची पत्रे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे संसारात पडले, पण वाचनाची गोडी सुटली नाही. आज मला आपणांस एका परदेशी गृहिणीची हकीकत सांगावयाची आहे. त्यांचे नाव मर्सी ओटिस वॉरेन.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे १७२८ साली त्यांचा जन्म झाला. मुलींना कॉलेजात पाठविण्याची तेव्हा चाल नव्हती. भावांची शिकवणी चाले, तेथे बसून मर्सीबाई शिकल्या. १७५४ साली जेम्स वॉरेन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढे पाच मुलगे झाले. घरचे सारे पाहून त्यांनी हाती लेखणी धरली आणि इंग्रजांच्या अंमलाविरुद्ध नाटके लिहिली. ती निनावी छापली गेली.

जॉन ॲडम्स हे त्यांच्या यजमानांचे स्नेही. पुढे ते अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष झाले. बाईंच्या लेखणीचे त्यांना मोठे कौतुक. १७७३ च्या डिसेंबरात बोस्टन बंदरात लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात लोटल्या, तेव्हा ह्या प्रसंगावर मर्सीबाईंनी कविता करावी, असे ॲडम्स यांनी पत्राने सुचविले. बाईंनी ती केलीही. ॲडम्स यांच्या पत्नी ॲबिगेल यांच्याशीही त्यांचा मोठा घरोबा होता.

१८०५ साली मर्सीबाईंनी अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा इतिहास तीन खंडांत प्रसिद्ध केला. ह्या वेळी मात्र स्वतःचे नाव घातले. वय ७७, आणि पाचांपैकी तीन मुलगे तोवर देवाघरी गेलेले. ह्या ग्रंथात त्यांनी ॲडम्स यांचे गुण सांगितले, तसेच त्यांचा राग व पूर्वग्रह कधी कधी विवेकावर मात करतात, युरोपात राहून त्यांचा कल राजेशाहीकडे झाला, असेही लिहिले.

झाले! १८०७ च्या जुलै-ऑगस्टात निवृत्त अध्यक्षांनी बाईंना एकामागून एक दहा पत्रे पाठविली. कित्येक पानांची ती पत्रे! सूर उत्तरोत्तर चढत गेलेला. भगिनींनो, आपण असतो तर काय केले असते? एवढा मोठा माणूस रागावला म्हणून घाबरून लिहिलेले मागे घेतले असते, किंवा आपणही तोंड सोडले असते. मर्सीबाईंनी दोन्ही केले नाही. त्यांनी उत्तरे लिहिली. जुन्या स्नेहाची आठवण ठेवली, पण लिहिलेल्या मजकुरावरून हटल्या नाहीत. शेवटी पत्रांतील भाषा फारच सुटली, तेव्हा जुनी मैत्रीण म्हणून आपली कीव येते, ख्रिस्ताची अनुयायी म्हणून आपणांस क्षमा करते, असे कळवून त्यांनी लेखणी खाली ठेवली. पुढच्याच वर्षी, १८०८ साली, त्यांचे यजमान वारले.

अबोला काही वर्षे टिकला. मग दोन्ही घरांचे जुने मित्र एल्ब्रिज गेरी मध्ये पडले आणि १८१२ च्या सुमारास पुन्हा बोलणे सुरू झाले. त्या काळच्या तिकडील रीतीप्रमाणे केसांच्या बटांची स्नेहभेट दोन्ही घरांत दिली-घेतली गेली. तरी ॲडम्स यांच्या मनातील सल पुरता गेला नव्हता. इतिहास लिहिणे हा काही बायकांचा प्रांत नव्हे, असे त्यांनी १८१३ साली गेरींना लिहिले!

आता पुढची गोष्ट ऐका. मर्सीबाईंचे १७७५ सालचे एक नाटक दुसऱ्याच कोणाच्या नावावर सांगितले जाऊ लागले. १८१४ साली बाईंनी ॲडम्स यांनाच लिहिले, की हे माझे, याला आपण साक्षी आहात. ॲडम्स तेव्हा ७८ वर्षांचे. ते बोस्टनच्या अथेनियम ग्रंथालयात गेले आणि तेथील प्रतीवर त्यांनी आपल्या हाताने मर्सीबाईंचे नाव लिहिले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मर्सीबाई निवर्तल्या.

मला ह्यात घेण्यासारखे वाटते ते असे. वडीलधाऱ्यांचा वा थोरांचा मान राखणे म्हणजे त्यांच्या प्रत्येक शब्दाला मान डोलावणे नव्हे. आपले खरे असेल ते नीट शब्दांत सांगावे, पत्राच्या मायन्यात आणि मजकुरात आदर असावा, आणि समेटाचे दार लावून घेऊ नये. बाईंनी १८०७ साली भिऊन आपला ग्रंथ मागे घेतला असता, तर १८१४ साली हक्काने साक्ष मागावयास त्यांना तोंड राहिले नसते. आणि रागाने नाते कायमचे तोडले असते, तर साक्ष देणाराही उरला नसता.

आपल्या घरातही असे प्रसंग येतात. सासरी, माहेरी, मंडळाच्या सभेतसुद्धा! तेव्हा मर्सीबाईंची आठवण ठेवू या.