ओपीजीची खालची कड



इम्प्लांट आणि लेसरवर दंतवैद्यांच्या या व्यासपीठावरून पुष्कळ बोलून झालं. मला एका जुन्याच फिल्मकडे, ओपीजीकडे म्हणजे सबंध जबड्याच्या एक्स-रेकडे, तुमचं लक्ष वेधायचं आहे. ती रोज आपल्या हातात येते आणि आपण तिच्यातले दात तेवढे पाहतो.

आपली रुग्ण कोण? सोलापूरच्या पूर्व भागातली किंवा कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतली, साठीची विडी कामगार. १०,००० घरांची ती वसाहत या बायकांसाठीच उभी राहिली. मांडीवर सूप घेऊन दिवस घरातच जातो, अंगाला ऊन लागत नाही. (सोलापुरात उन्हाचा तुटवडा, ऐकायला विचित्र वाटतं खरं.) कित्येकींना मिश्री पोरवयापासूनची. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य स्त्रीच्या काही वर्षं आधीच. इस्ट्रोजेन ओसरलं की हाड भरण्यापेक्षा झिजतं जास्त. चर्चा मणक्याची, खुब्याची होते. जबडाही त्यातून सुटत नाही.

पण म्हणून हलणाऱ्या प्रत्येक दाताचं खापर या झिजेवर, ऑस्टिओपोरोसिसवर फोडू नका. बरेचसे दात हिरड्यांच्या रोगानं जातात आणि तंबाखू त्याला हातभार लावते. हाड मुळात विरळ असेल तर दाताचा आधार लवकर खचतो, इतकंच म्हणता येईल. वय, तंबाखू, गरिबी ही दोन्ही दुखण्यांची सामाईक मुळं, त्यामुळे अभ्यासकांचंही इथे एकमत नाही. शिवाय उलटा प्रवासही होतो. दाढा गेल्या की कडक भाकरी, शेंगा सुटतात आणि चहात बुडवलेला पाव उरतो. पाळी थांबलेल्या स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं, असं आयसीएमआर सांगते. १०० ग्रॅम ज्वारीत ते तिसेक मिलिग्रॅम असतं, नाचणीत साडेतीनशेच्या घरात. सोलापुरात ज्वारीविरुद्ध बोलायची माझी छाती नाही; पण नाचणीची आंबील बोळक्या तोंडालाही जाते.

आता ती फिल्म. ओपीजीवर मेंटल फोरामेनच्या (खालच्या जबड्यातल्या नसेच्या छिद्राच्या) खाली जबड्याच्या कडेची जाडी मोजा. मशिनचं मॅग्निफिकेशन वजा करून ती ३ मिलिमीटरहून कमी भरली, किंवा आतली रेघ कुरतडल्यासारखी दिसली, तर बाईला डेक्सासाठी, हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीसाठी, पाठवा. संशोधक क्लेमेट्टींनी १९९४ मध्ये या कडेचे तीन वर्ग पाडले, जपानात तागुचींनी त्यावर पुढे काम केलं. ओपीजी म्हणजे निदान नव्हे. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली आहे की नाही, ते डेक्साच सांगणार. पण खुबा मोडेपर्यंत जिला कुणी डेक्सा सुचवत नाही, तिच्या हाडाचं चित्र आधी आपल्याच टेबलावर आलेलं असतं.

दुसरी बाब हाडांच्या औषधांची. रुग्ण ‘आठवड्याची गोळी’ किंवा ‘वर्षातून एकदाची सलाइन’ म्हणते. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनेट ही नावं तिला कुठून ठाऊक असणार? मार्क्स यांनी (लाल बावट्याचे नव्हेत, मायामीचे शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स) २००३ मध्ये अशा औषधांवरच्या रुग्णांत जबड्याचं हाड उघडं पडून न भरल्याची नोंद केली. हा धोका मुख्यतः कर्करोगासाठीच्या मोठ्या डोसचा. ऑस्टिओपोरोसिसच्या गोळ्यांवर तो दहा हजारांत मोजक्या जणींना. तेव्हा बाईला घाबरवून औषध बंद करायला लावू नका. डेनोसुमॅबचं सहामाही इंजेक्शन लांबलं तर मणके मोडू शकतात. काढायचे दात औषध सुरू होण्याआधी काढा. सुरू झालं असेल तर दाताला हात लावण्यापूर्वी फिजिशियनला फोन करा.

आपल्या केसपेपरवर बीपी, शुगरचे रकाने असतात, हाडांच्या औषधाचा नसतो. पुढच्या छपाईला तो घाला. आणि त्या रकान्यातला प्रश्न तेलुगूतही छापा, पूर्व भागातल्या तेलुगूभाषक आजींना तो आपल्याकडून समजावून घ्यावा लागू नये.