हिवाळ्यातले पाणी आणि मासा



म्हातोबाच्या यात्रेचा शीण अजून पुरता उतरला नसेल, वर उन्हाने अंगाची काहिली होत आहे, आणि आम्ही आज आपणांस थंडगार पाण्याकडे नेणार आहोत. गळ टाकून बसणे हा निरुद्योगी माणसाचा धंदा, अशी आपली समजूत आहे. ती अगदीच खोटी नाही. परंतु गळ टाकणाऱ्याला नदी वाचावी लागते, आणि हिवाळ्यात तर अक्षर न् अक्षर लावून वाचावी लागते. त्या वाचनाविषयी दोन शब्द बोलावेत, एवढाच हेतू.

इंग्रजांनी येताना क्रिकेट आणले, तसा ट्राऊट मासाही आणला. स्कॉटलंडहून अंडी मागवून 1900च्या सुमारास तो काश्मिरात रुजवला गेला; पुढे कुलूत आणि दक्षिणेत निलगिरीवरही तो नांदू लागला. आपल्या सह्याद्रीत मात्र त्याला घर नाही. वीस अंशांच्या वर पाणी गेले की त्याचा जीव घाबरा होतो, आणि आपल्या ओढ्यांचे चैत्रवैशाखातले पाणी आपण जाणताच.

हा मासा पिसांच्या बनावट माशीने धरतात. एकदा ऑक्टोबरअखेर आम्ही हिमाचलात तीर्थन नदीवर गेलो होतो. उत्साह एवढा, की तांबडे फुटण्यापूर्वीच पाण्याकाठी हजर! बोटे बधिर झाली, दोऱ्याची गाठ बसेना, आणि दहा वाजेपर्यंत एकाही माशाने आमची दखल घेतली नाही. बरोबरचा वाटाड्या शेकोटीजवळ निवांत चहा पीत बसला होता. ऊन दरीत उतरले तेव्हा तो उठला आणि म्हणाला, "आता चला, साहेब."

त्याचे गणित साधे होते. माशाचे रक्त पाण्याइतकेच गार असते. पाणी गारठले की त्याची भूक मंदावते, आणि भक्ष्यामागे धावण्याची शक्ती तो खर्च करीत नाही. खळाळ सोडून तो डोहाच्या तळाशी, जिथे ओघ संथ आहे तिथे, बसून राहतो. दुपारी पाणी अंशा-दोन अंशांनी चढले, चिलटे पाण्यावर येऊ लागली, की दोन-तीन तास तो जरासा हलतो. तेव्हा माशी पाण्यावर नाचवून उपयोग नाही. ती तळालगत, थेट त्याच्या तोंडापुढून वाहत जावी लागते. शिवाय हिवाळ्यातले पाणी काचेसारखे नितळ. आपली सावली पडली की डाव संपला.

याच काळात ट्राऊट वाळूगोट्यांत अंडी घालतो. बेसावध पाऊल पडले तर पुढच्या साऱ्या पिढीचा चुराडा. म्हणून हिमाचलात नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर त्याच्या शिकारीला बंदी असते.

आता आपल्या मुळेकडे येऊ. वाकड आणि बालेवाडी यांच्यामधून वाहणाऱ्या या नदीचा मासा म्हणजे महाशीर. कर्नल साइक्स नावाचा अधिकारी दख्खनची पाहणी करीत हिंडला आणि 1839 साली त्याने इथल्या माशांचे वर्णन लंडनला प्रसिद्ध केले. या गृहस्थाची एक गोष्ट आम्हांस फार आवडते. कोळ्याभोयांच्या तोंडची मराठी नावेच त्याने शास्त्रीय नावांत घातली. महाशीराच्या नावात 'खुडरी' आहे, एका शिंगाळ्याच्या नावात 'शिंगटी' आहे. आणि हा खुडरी त्याला मिळाला तो पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेच्या पात्रात! जगातल्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत त्या माशाचे मूळ गाव म्हणून आपली नदी लिहिलेली आहे.

महाशीराची अंडी पावसाळ्यातली. म्हणजे आपला पावसाळा हाच त्याच्या विणीचा काळ, आणि दसऱ्यानंतर गढूळपणा निवळला की नदी गळवाल्याची. पौषात ट्राऊटसारखाच तोही मंदावतो, उन्हाची वाट पाहतो. थंडी तशी नदीला उपकारकच असते. समुद्रसपाटीचा हिशेब धरला तर पंचवीस अंशांचे एक लिटर पाणी सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू धरू शकते; दहा अंशांचे 11.3 मिलिग्रॅम. हिवाळा म्हणजे माशाला मोकळा श्वास.

मग आपल्या नदीत हिवाळ्यात मासा का गुदमरतो? मुळेचे वरचे पाणी मुळशीच्या धरणात अडते आणि 1927 पासून कोकणात भिऱ्याला वीज करण्यासाठी उतरते. ते धरण बांधताना सेनापती बापटांनी आणि मावळ्यांनी केलेला सत्याग्रह आपणांस ठाऊक आहे. तो जमिनीसाठी होता, माशाची बाजू मांडणारा कोणी नव्हता. खाली जे वाहते त्यात आपल्याच न्हाणीघरांचा आणि कारखान्यांचा वाटा मोठा. ती घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू जंतू खाऊन टाकतात. वर जलपर्णीचे पांघरूण. थंडीने जे द्यावे ते आपण पहाटेपर्यंत संपवतो.

यात एक विलक्षण गोष्ट घडली. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी महाशीराची पैदास यशस्वी केली. हे काम निःसंशय थोर. तिथली पिल्ले 1970च्या दशकापासून दूर कावेरीतही सोडली गेली. तिथे ती इतकी फोफावली की कावेरीचा स्वतःचा मदार असलेला महाशीर मागे हटत गेला, आणि 2018 साली तो अतिसंकटग्रस्त ठरला. आपला मासा परमुलखात घरच्याला डोईजड झाला, आणि त्याच्या जन्मगावी, पुण्याच्या नदीत, त्याला श्वास घेण्यापुरते पाणी उरले नाही. परोपकारही पत्ता पाहून करावा लागतो, असे कावेरीकाठचे लोक म्हणत असतील तर त्यांना दोष देता येणार नाही.

गेल्या जानेवारीत एका सकाळी आम्ही बालेवाडीच्या बाजूने नदीवर उतरलो. पाणी हाताला गार लागले. वासामुळे हात लगेच मागे घेतला. काठावर एक वृद्ध गृहस्थ बांबूची काठी टाकून बसले होते. ऊन अजून पाण्यावर यायचे होते, म्हणून तीर्थनचे शहाणपण आम्ही त्यांना ऐकवू लागलो.

"आजोबा, एवढ्या गारठ्यात मासा लागतो का?"

"लागतो की. चिलापीच हाये निस्ती. तिला काय ऊन आन् काय थंडी."

चिलापी मूळची आफ्रिकेची. घाण आणि अपुरा प्राणवायू दोन्ही सोसणारी. आम्ही विचारले, कधी महाशीर पाहिलात का इथे?

म्हाताऱ्याने काठी मांडीवर आडवी घेतली आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हात दाखवला. "बापाच्या हातात पाह्यलाय," तो म्हणाला, आणि गळाला कणकेची नवी गोळी लावू लागला.